पाडा, ताडी, तारपा

इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत २०१२ पासून सहा वर्षांच्या आसपासच्या मुलांची एक लहानशी तोंडी परीक्षा होते. मुलासमोर एकेक करत चाळीस शब्द ठेवतात आणि ते त्याने मोठ्याने वाचायचे असतात. त्यांतले वीस शब्द खरे असतात, वीस खोटे. खोटे म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या नियमांत बसणारे, पण कुठल्याही शब्दकोशात न सापडणारे. मुलांनी फसू नये म्हणून या खोट्या शब्दांशेजारी विचित्र, काल्पनिक प्राण्यांची चित्रे छापलेली असतात. मूल शब्द नुसता डोळ्यांनी ओळखते आहे की अक्षरांवरून उच्चार खरोखर जुळवते आहे, हे तपासण्याची ही युक्ती. डहाणू आणि तलासरी तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत अशी परीक्षा कोणी मुद्दाम घेत नाही. तरी घरी वारली बोलणारे पहिलीतले मूल ती वर्षभर देतच असते. ऐरणीचा ऐ, यज्ञाचा य, षटकोनाचा ष, क्षत्रियाचा क्ष ही अंकलिपीतली मंडळी त्याच्या लेखी वीस खोट्या शब्दांच्याच जातीची. फरक इतकाच की सावध करणारा प्राणी शेजारी काढलेला नसतो, आणि शब्द कळला नाही तर दोष मुलाच्या खात्यावर जमा होतो. अशा वर्गात वाचन कसे शिकवावे, हा या प्रकरणाचा विषय आहे. माझे म्हणणे असे की अक्षर आणि ध्वनी यांचे शिक्षण क्रमवार, नेटाने आणि लवकर व्हायला हवे, आणि मराठी लिपीत ते मुलाच्या तोंडच्या शब्दांवाचून पुरे होऊच शकत नाही. बोलीचा प्रश्न एरवी अस्मितेच्या किंवा आपुलकीच्या अंगाने मांडला जातो. इथे मी तो वाचनाच्या यंत्रणेचा एक भाग म्हणून मांडतो आहे.

आधी प्रदेश पाहू. ठाणे जिल्ह्यातून १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. डहाणू आणि तलासरी हे त्याचे उत्तरेकडचे तालुके, गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळचे. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत दर दहा माणसांमागे नऊ अनुसूचित जमातींतली, डहाणूत जवळपास सात. वारली समाज सर्वांत मोठा; त्याशिवाय कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी. किनाऱ्यावर मांगेला आणि माच्छी, बाजारपेठेत गुजराती. ग्रियर्सनने आपल्या भाषिक सर्वेक्षणात वारली मराठीच्या बोलींत मोजली, आणि तिच्यावरची गुजराती-भिलीची छाया जाणकारांच्या नजरेतून सुटलेली नाही. ती मराठीला इतकी जवळची आहे की कागदोपत्री मूल ‘मराठी मातृभाषेचे’ ठरते, आणि इतकी दूर की पुस्तक उघडल्यावर अर्धे वाक्य त्याच्या डोक्यावरून जाते. ही जवळीकच अडचणीची आहे. मूल संथाली किंवा गोंडी बोलणारे असते तर निदान भाषेचा प्रश्न आहे हे शिक्षकाला पहिल्याच दिवशी कळले असते.

आता लिपीकडे. इंग्रजीत अक्षराचे नाव एक, ध्वनी दुसरा आणि तोही जागेप्रमाणे बदलणारा. म्हणून तिथे ‘फोनिक्स’ नावाचा स्वतंत्र खटाटोप करावा लागतो, त्यावर वाद होतात, सरकारी समित्या बसतात. देवनागरीत ‘म’ या अक्षराचे नावच त्याचा उच्चार. सेमोर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या तेरा लिपीव्यवस्थांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध केली. शाळेचे पहिले वर्ष संपताना फिनिश, इटालियन, ग्रीक मुले बहुतेक सगळे सोपे शब्द बिनचूक वाचत होती, आणि इंग्रजी वाचणारी स्कॉटिश मुले सुमारे एक-तृतीयांश. देवनागरी या फिनिश-इटालियन बाजूला झुकणारी लिपी आहे. मात्र तिच्यात चिन्हे फार. व्यंजने पस्तीस-छत्तीस धरली तर बाराखडीचीच घरे चारशेवर जातात, जोडाक्षरे वेगळी. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची. ‘र’ तर कधी डोक्यावर रफार होऊन बसतो, कधी पायाशी तिरकी रेघ होतो. कन्नड मुलांच्या वाचनावर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासातून दिसले की अशा लिप्यांमध्ये अक्षरांवर प्रभुत्व यायला कित्येक वर्षे लागतात, चौथीपर्यंतही. म्हणजे आपल्या लिपीत नियम सोपे, पसारा मोठा. इंग्रजीचा फोनिक्सचा साचा उचलून मराठीत आणणारे हा भेद सहसा लक्षात घेत नाहीत.

नियम सोपे असले तरी ते शेवटपर्यंत पुरत नाहीत, आणि माझ्या युक्तिवादाचा सांधा इथेच आहे. ‘तारपा’ हा शब्द घ्या. वारल्यांच्या त्या लांबट वाद्याचे नाव. अक्षरांप्रमाणे वाचले तर ‘ता-र-पा’, म्हणजे ‘र’ मधला ‘अ’ पूर्ण उच्चारून. प्रत्यक्षात आपण ‘तार्‌पा’ म्हणतो. तो ‘अ’ बोलताना गळतो. ‘नागली’ लिहिलेले असते, बोलतो ‘नाग्‌ली’. खुद्द ‘वारली’ हा शब्दही ‘वार्‌ली’ असाच म्हटला जातो. हा ‘अ’ कुठे गळतो आणि कुठे टिकतो, हे कागदावरचे कुठलेच चिन्ह सांगत नाही. च, ज, झ यांचे तेच. ‘चार’ मधला ‘च’ वेगळा, ‘चारा’ मधला वेगळा, अक्षर मात्र एकच. मोठा माणूस यात अडखळत नाही, कारण अक्षरे जुळवून जवळपासचा उच्चार हाती आला की त्याच्या कानातला ओळखीचा शब्द पुढे येतो आणि उरलेली दुरुस्ती करून टाकतो. डेव्हिड शेअर या संशोधकाने १९९५ मध्ये सविस्तर मांडलेला सिद्धान्त नेमका हाच आहे. प्रत्येक शब्द कोणी शिकवावा लागत नाही. मूल अक्षरांवरून अडखळत एखादा शब्द जुळवते, तो ओळखीचा निघाला की ती ओळखच उच्चार पक्का करते आणि त्या शब्दाचा अक्षरबंध मनात ठसवते, म्हणजे मूल स्वतःलाच शिकवत जाते. पण यासाठी शब्द आधी कानात असावा लागतो. ‘ता-र-पा’ म्हणत अडखळणारे तलासरीचे मूल पुढच्या क्षणी ‘तारपा!’ म्हणून उजळते. ‘ऐ-र-ण’ म्हणणारे ‘ऐ-र-ण’ वरच थांबते. पुढे जायला त्याच्याकडे काही नसते, आणि आपण बरोबर वाचले की चूक, हे ठरवण्याचा शिक्षकाच्या चेहऱ्याखेरीज दुसरा मार्गही नसतो.

गफ आणि टनमर यांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले, जे आजही क्षेत्रात आधार म्हणून वापरले जाते: आकलनासह वाचन म्हणजे लिपीची उकल गुणिले भाषेचे आकलन. गुणाकार, बेरीज नव्हे. एक बाजू शून्य झाली की उत्तर शून्य. डहाणूच्या संदर्भात लोक हे सूत्र फक्त दुसऱ्या बाजूसाठी वापरतात: मुलांना प्रमाण मराठी येत नाही, म्हणून समजत नाही. ते खरेच आहे. पण वर सांगितलेल्या कारणाने भाषेची उणीव पहिल्या बाजूलाही पोखरते. ओळखीचा शब्द नसेल तर उकलही अर्धवट राहते. त्यामुळे ‘आधी अक्षरे पक्की करू, मग अर्थाचे पाहू’ हा शिक्षकखोलीतला व्यवहारी वाटणारा सल्ला या भागात दुहेरी तोट्याचा ठरतो.

गंमत अशी की ध्वनीवरून अक्षर शिकवण्याची परंपरा या तालुक्याला नवी नाही. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेंझो वस्तीत पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत मूल खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवते आणि त्याच वेळी अक्षराचा ध्वनी उच्चारते. इटालियनसारख्या नियमित लिपीत ही रीत चटकन फळाला येते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडकांनी ती विचारसरणी आत्मसात केली, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९४५ मध्ये ताराबाई डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला आल्या. त्याच वर्षी मे महिन्यात झरीला वारल्यांची मोठी सभा होऊन वेठीविरुद्धचा उठाव पेटला होता. म्हणजे ज्या पाड्यांवर बालवाडी पोहोचवायची होती तिथली माणसे तोवर सावकार-जमीनदारांच्या शेतावर फुकट राबत होती, मुले गुरांमागे. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेण्याचा प्रयोग इथे झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेतली ‘अंगणवाडी’ याच मातीतून आली. कोसबादच्या टेकडीवर ताराबाईंच्या सहकारी अनुताई वाघांनी गुराखी मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. माँटेसरींच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया, पाने वापरायची हे या दोघींनी ठरवले, आणि ते गरिबीवरचा तात्पुरता तोडगा म्हणून नव्हते. माझ्या मते वाचनशिक्षणाने ही परंपरा पुढे न्यायला हवी होती ती शब्दांच्या बाबतीत. वस्तू आसपासची घेतली, शब्द मात्र पुण्याच्या पुस्तकातला राहिला, असे बहुतेक शाळांत झाले.

बहुतेक म्हणायचे कारण, अपवाद आहेत. १९८२ मध्ये अनुताई वाघ आणि रमेश पानसे यांनी ग्राममंगल ही संस्था उभी केली. डहाणू तालुक्यातल्या दाभोण आणि ऐने इथे तिचे काम वाढले. ऐन्याला काम केलेल्या नीलेश निमकरांनी पुढे याच जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यात सोनाळे इथे ‘क्वेस्ट’ ही संस्था सुरू केली. भारतीय लिप्यांतल्या सुरुवातीच्या वाचनाचा जो मोठा, मुलांच्या मागे अनेक वर्षे चिकाटीने राहिलेला अभ्यास शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, त्यासाठी निवडलेल्या दोन ठिकाणांपैकी एक हा वाडा तालुका होता. दुसरे कर्नाटकातले यादगीर. सरकारी शाळांतल्या मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत माग ठेवला गेला. त्याचा अहवाल वाचताना आनंद होण्यासारखे फार काही नाही. वर्गातला बराच वेळ सुट्या अक्षरांची घोकंपट्टी आणि फळ्यावरून नक्कल यांत जात होता. स्वरचिन्हे उशिरा येत होती. तिसरी संपतानाही पुष्कळ मुले सलग मजकूर अर्थासह वाचण्याच्या जवळ पोहोचली नव्हती. मनाने काही लिहिणे तर जवळपास नव्हतेच. म्हणजे ‘आमच्याकडे अक्षरांवर भर असतो’ असे म्हणणाऱ्या वर्गांतूनही अक्षरे येत नव्हती. दोष अक्षर शिकवण्याचा नव्हता. ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने ती शिकवली जात होती, त्याचा होता.

क्रमाबद्दल थोडे सविस्तर. आपली वर्णमाला उच्चाराच्या जागेप्रमाणे लावलेली आहे: कंठापासून ओठांपर्यंत. व्याकरणकाराची ती देखणी मांडणी आहे आणि तिचा अभिमान योग्यच आहे. पण ती रचली गेली ती भाषा आधीच येणाऱ्या अभ्यासकासाठी. तिच्यातली पहिली दहा व्यंजने, क पासून ञ पर्यंत, स्वरचिन्हांशिवाय शिकवा. हाती येतात जग, गज, खग असे चारदोन शब्द, आणि ङ, ञ यांच्यासाठी तर शब्दच शोधून सापडत नाहीत. याउलट प, ड, त, र, न, ग, ल, व ही आठ अक्षरे घ्या आणि त्यांच्याबरोबर पहिल्याच आठवड्यांत काना व दुसरी वेलांटी. चिन्हे तितकीच, दहा. त्यांतून पाडा, ताडी, तारपा, नागली, पान, रान, गाव, वाडी, गाडी, तलाव, नवरा, नवरी, वरात आणि वारली एवढे शब्द उभे राहतात, आणि ‘गाडी रानात’, ‘नवरी गावात’ अशी वाक्यांची सुरुवातही होते. वारली भित्तिचित्राच्या चौकातले लग्न जवळजवळ पूर्ण लिहून होते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी अक्षरांचे गट आणि स्वरचिन्हे एकत्र घेण्याची वाट घालून दिली. अक्षरगटांची कल्पना त्यामुळे महाराष्ट्राला अपरिचित नाही. तिच्यात स्थानिक शब्दांची निवड मिसळायची, एवढेच इथे सुचवतो आहे. ‘क ला काना का’ ही लय मोडण्याचीही गरज नाही. व्यंजन आणि स्वर यांची जोडणी मुलाच्या कानाला दाखवणारी ती चांगली रीत आहे. फक्त ती चारशे घरांच्या कवायतीसाठी न वापरता हातातल्या शब्दासाठी वापरावी.

वरच्या यादीत ‘पानी’ हा शब्दही त्याच दहा चिन्हांत बसतो, आणि तो मी मुद्दाम मागे ठेवला होता. उत्तर कोकणातल्या बोलींमध्ये ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’ च्या जागी ‘ल’ सर्रास ऐकू येतो. पुस्तकात ‘पाणी’ छापलेले आहे आणि मुलाने ‘पानी’ वाचले, तर काय घडले? त्याने अक्षरे पाहिली, उच्चार जुळवला, शब्द ओळखला आणि आपल्या घरच्या उच्चारात तो म्हटला. ही वाचनाची पूर्ण, यशस्वी क्रिया आहे. शिक्षकाने तिथे ‘पानी नाही, पाणी’ असे दरडावले की मुलापर्यंत पोहोचणारा निरोप असा असतो की शब्द ओळखणे ही चूक आहे. दोन-चार वेळा असे झाले की मूल शब्द ओळखण्याचा प्रयत्न सोडून देते आणि शिक्षकाच्या तोंडाकडे पाहून म्हणायला लागते. अमेरिकेत काळ्या मुलांच्या इंग्रजीबाबत विल्यम लबॉव्ह यांनी १९६० च्या दशकापासून हेच दाखवून दिले: उच्चारातला फरक आणि वाचनातली चूक शिक्षकाला वेगळी करता आली नाही, तर तो जिथे चूक नाही तिथे सुधारत बसतो आणि जिथे आहे तिथे त्याचे लक्ष जात नाही. १९७९ मध्ये ॲन आर्बरच्या न्यायालयाने तर मुलांची घरची बोली लक्षात घेऊन वाचन शिकवण्याची पावले उचला, असे तिथल्या शाळाव्यवस्थेला बजावले. नॉर्वेच्या संसदेने १८७८ मध्येच ठरवले होते की मुलांशी शाळेत शक्यतो त्यांच्या बोलण्यातल्या भाषेतच बोलावे. नॉर्वेतल्या बोली आणि तिथली लिखित भाषा यांचे नाते वारली-मराठीच्या नात्यासारखेच जवळचे, म्हणून हे उदाहरण इथे जास्त लागू पडते. मग ‘ण’ आणि ‘ळ’ शिकवायचेच नाहीत का? शिकवायचे, पण दुसऱ्या-तिसऱ्या गटात आणि उघडपणे: आपण ‘पानी’ म्हणतो, पुस्तकात ‘पाणी’ लिहितात, बघा जीभ कुठे लागते. मुलांना असे भेद ऐकायला आवडतात. वाईट वाटते ते भेदाचे रूपांतर अपमानात होते तेव्हा.

यावर पहिला आक्षेप पालकांचा, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. पाड्यावर जे बोलतो ते शिकायला पोराला शाळेत कशाला पाठवायचे? त्याला मराठी यावी, तलाठ्याचा कागद वाचता यावा, जमलेच तर इंग्रजी यावी. या मागणीमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव आहे. कागद वाचता न आल्याने जमीन गेलेल्यांना अक्षराची किंमत समजावून सांगावी लागत नाही. त्यामुळे उत्तर तत्त्वाचे न देता परिणामाचे द्यायला हवे. नायजेरियातल्या इफे इथे १९७० मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पात प्राथमिकची सहाही वर्षे योरुबा भाषेतून शिकलेली मुले इतर विषयांत पुढे राहिलीच, इंग्रजीतही मागे पडली नाहीत. ओडिशाने २००६ पासून आदिवासी भाषांतून सुरुवातीचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम चालवला आहे. मी तर इथे त्याहून कमी मागतो आहे. वारली माध्यम नको, वारलीची वेगळी पाठ्यपुस्तकमाला नको. वाचनाच्या दाराशी उभे असताना पहिले काही महिने हातात दिलेले शब्द मुलाच्या ओळखीचे असावेत, एवढेच. लिपी तीच असल्याने ‘तारपा’ वर मिळवलेले कौशल्य ‘कागदा’वर जसेच्या तसे वापरता येते. संविधानाचे कलम ३५०-अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करा म्हणते, २०२० चे शैक्षणिक धोरणही तेच सुचवते. पण पालकाला कलम दाखवण्यापेक्षा दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या मुलाने भिंतीवर कोळशाने ‘गाव’ लिहून दाखवलेले जास्त पटेल.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा: वर्गात एक का बोली असते? वारली, कातकरी, धोडी, शिवाय कामासाठी आलेल्या हिंदीभाषक कुटुंबाची दोन मुले. आणि शिक्षक स्वतः बीडचा किंवा धुळ्याचा. हे खरे आहे, पण यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. पाडा, पान, ताडी, गाडी हे शब्द या सगळ्या घरांत बव्हंशी सारखेच आहेत, कारण शिवार एकच आहे. जे वेगळे आहेत ते वर्गात विचारून घेता येतात: तुझ्या घरी याला काय म्हणतात? शिक्षकाला बोली बोलता यायची गरज नाही, त्याला चाळीस-पन्नास शब्दांची यादी हवी. आणि ती यादी देणारी व्यक्ती शाळेच्या शेजारीच असते. अंगणवाडी सेविका बहुधा त्याच पाड्याची. नवे धोरण तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा मानते, म्हणजे कागदावर अंगणवाडी आणि पहिली-दुसरी आता एकाच टप्प्यात आहेत. प्रत्यक्षात दोघींच्या मध्ये फक्त एक भिंत असली तरी संवाद मात्र हजेरी आणि पोषण आहारापुरता असतो. हे शेजारपण म्हणजे या भागातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात न वापरलेली सोय.

तिसरा आक्षेप माझ्याच बाजूच्या लोकांकडून येईल, आणि तो मला सर्वांत अवघड वाटतो. अर्थाला इतके महत्त्व देता, मग अक्षरगट, क्रम, सराव हा यांत्रिक भाग कशाला? मुलांना गोष्टी सांगा, चित्रांची पुस्तके हाताळू द्या, त्यांचे बोलणे लिहून त्यांनाच वाचायला द्या, वाचन उमलेल. गोष्टी सांगाव्यात, पुस्तके हाताळू द्यावीत आणि बोलणे लिहून घ्यावे, यांत दुमत नाही. भाषेची बाजू त्यांनीच भरते. पण उमलण्यावर विसंबणे ही पुस्तकांनी भरलेल्या घराची चैन आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाने २००० मध्ये आणि इंग्लंडच्या रोज अहवालाने २००६ मध्ये उपलब्ध पुरावे तपासून अक्षर-ध्वनीचे पद्धतशीर शिक्षण हवे असा निर्वाळा दिला. त्याचा फायदा सुरुवातीच्या वर्षांत अधिक आणि घरी छापील अक्षर नसलेल्या मुलांना तर विशेष. तलासरीच्या पाड्यावर दुकानाची पाटी, बसचा फलक, दारावरचे नाव, सकाळचे वर्तमानपत्र यांतले फारसे काही नसते. तिथे चारशे घरांची लिपी आपोआप कळेल असे मानणे म्हणजे सगळ्यात कमी साधने असलेल्या मुलावर सगळ्यात जास्त काम टाकणे.

इंग्रजी माध्यमाच्या नव्या शाळांत रंगीत फोनिक्सचे तक्ते लावलेले दिसतात. त्यांबद्दल एकच सांगतो. जी लिपी इंग्रजी घरातल्या मुलांनाही दोन-अडीच वर्षे झुलवते, तिच्यात वारली मुलाची पहिली पावले टाकायची, आणि शब्द शंभर टक्के अनोळखी, ही गुणाकारातली दोन्ही पदे जाणूनबुजून लहान करण्याची रीत आहे. फी भरून.

मोजमापाचा प्रश्न मात्र टाळता येत नाही. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर वाचता-लिहिता येण्याचे लक्ष्य ठेवले आहे. दुसरीसाठी मिनिटाला ४५ ते ६० शब्द, तिसरीसाठी निदान साठ. गती मोजणे चूक नाही, अडखळत वाचणाऱ्याचे लक्ष अर्थाकडे उरत नाही. पण उच्चारलेल्या प्रत्येक ‘पानी’ वर काट मारून ती गती मोजली तर आकडा वाचनाचा राहत नाही, प्रमाण उच्चाराचा होतो. तपासणाऱ्याच्या हातातल्या कागदावर स्थानिक उच्चारांची एक ओळ छापली तरी हे सुटण्यासारखे आहे.

आणि गतीपेक्षाही इथे निकराचा प्रश्न कॅलेंडरचा आहे. जूनच्या मध्यावर शाळा भरते, जुलैत भाताच्या लावणीला घरातले लहान हातही लागतात, आणि दिवाळी झाली की वर्ग रिकामे होऊ लागतात. कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर, उमरगाव-वापीच्या बाजूला, मासेमारीच्या बोटींवर निघतात. बरीच मुले बरोबर जातात. वर्षभराच्या आखणीत मात्र सुटी अक्षरे संपता संपता दिवाळी येते आणि स्वरचिन्हे त्यानंतर. म्हणजे ज्या मुलाला सगळ्यात आधी शब्द वाचता यायला हवेत, ते अक्षरांच्या माळेनिशी गाव सोडते आणि एकही शब्द घेऊन जात नाही. दहा चिन्हांचा पहिला गट गणपतीपर्यंत, आणि उकार-मात्रांसह आणखी दहा-बारा अक्षरे दिवाळीपर्यंत, असा वेग धरला तर जाणारे मूल तुटपुंजे का होईना, पण वाचत जाईल, आणि वाचता येणारी गोष्ट सरावाशिवायही सुट्या अक्षरांपेक्षा जास्त दिवस टिकते. वसईकडच्या वीटभट्ट्यांवर ‘विधायक संसद’ या संस्थेने भोंगाशाळा चालवल्या, सरकारने हंगामी वसतिगृहे काढली, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आणले. त्या कार्डावर मुलाच्या इयत्तेबरोबर दोन ओळी वाढवाव्यात: कोणती अक्षरे व चिन्हे झाली, आणि त्यांतून कोणते शब्द ते वाचते. मग भट्टीजवळच्या शाळेतला शिक्षक त्याला पुन्हा अननसाच्या ‘अ’ पाशी न बसवता पुढच्या गटापासून सुरुवात करू शकेल.